दोन डोळ्यांचा कॅमेरा

बुलढाणा
२४ सप्टेंबर २०२५

चि. आल्हाद,

आशीर्वाद. काजललाही. इकडे सगळे बरे आहेत, सासूबाईंचे गुडघे सोडले तर. घट बसलेत, घरात कांदा-लसूण बंद, त्यामुळे इरा तोंड वाकडं करून जेवते. कॉलेजात जाऊन कचोरी खाते हे मला माहीत आहे, पण मी बोलत नाही.

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. फोन करावा तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "ताई, गाडीवर आहे" म्हणून ठेवतोस. मेसेज केला की अंगठा पाठवतोस. चाळिशीच्या माणसाने सख्ख्या बहिणीला अंगठा दाखवावा का रे? म्हणून पोस्टाने लिहितेय. याला तरी अंगठा दाखवता येणार नाही.

बातमी अशी की मी कॅमेरा घेतला. मोबाईलमधला नाही, खरा, रोलचा. रंगरावांचा.

खामगावचा रंगरावांचा स्टुडिओ तुला आठवतो ना, फरशीजवळचा? बाबा आपल्याला दर दिवाळीला तिथे फोटो काढायला न्यायचे. तू बाबांच्या मांडीवर बसायला तयार नसायचास, तुला कॅमेऱ्यापाशी उभं राहायचं असायचं. "याले दोन डोये काऊन?" म्हणून एकदा विचारलंस. रंगराव म्हणाले, "वरचा पाह्यते, खालचा फोटो काढते." झालं, तू घरी येईस्तोवर एक डोळा झाकून चाललास अन् फरशीच्या नालीत पडलास. आईने तुला नळाखाली धरलं आणि मार मात्र मला बसला, लक्ष दिलं नाही म्हणून.

तेव्हापासून मला तो कॅमेरा हवा होता. कोणाला सांगितलं नाही. मास्तरच्या पोरीने कॅमेरा मागावा अशी आपल्या घरची रीत नव्हती. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, शाळेच्या गॅदरिंगचे, सहलीचे, निरोप समारंभाचे फोटो मीच काढत आले, पण डोक्यातून तो दोन डोळ्यांचा काळा डबा गेला नाही. आता रंगरावांनी स्टुडिओ बंद करायला काढला. मला कळलं तशी मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून बोथ्याच्या जंगलातून एसटीने खामगाव गाठलं. कितीला पडला ते विचारू नकोस. यांनीही विचारलं नाही, नुसतं "हौसेला मोल नाही" म्हणाले आणि पेपरमागे गेले.

काय सांगू तुला, हातात घेतला तो घरी येईपर्यंत खाली ठेवला नाही. पोटाशी धरायचा, वरून झाकण उघडायचं आणि खाली मान घालून काचेत पाहायचं. विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं. डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे. अगदी बारीक पाहायचं तर आत एक छोटं भिंग आहे, ते उभं करून त्याला एक डोळा लावायचा. एका रोलमध्ये बाराच फोटो. मुंबईहून रोल मागवला. काढून झाला की धुवायला परत मुंबईला. मधे काही दिसत नाही, काय आलं अन् काय गेलं. त्याचीच धास्ती वाटते आणि त्याचीच मजाही येते.

काचेत एका कोपऱ्याला जरा धुरकट दिसतं. जुनी वस्तू आहे, साफ करून घेईन.

आता मुद्द्याचं. बारापैकी शेवटचा फोटो मी तुझ्यासाठी राखून ठेवलाय. तुझा आणि काजलचा. भाऊबीजेला ये. नाही म्हणू नकोस. खामगावच्या स्टँडवर पुन्हा पाय ठेवायचा नाही असं तू ठरवलंयस, ते मला ठाऊक आहे. लग्न करून काजलला घेऊन आलास, स्टँडवर उभा राहिलास आणि बाबा दोन हातांवरून निघून गेले, तुझ्याकडे पाहिलंही नाही. त्याचं समर्थन मी कधी केलं नाही. तेव्हाही बाबांशी भांडले होते. ते म्हणाले, "मले कोनी भेटलं नाही." त्या हट्टापुढे मी काय बोलणार? पण बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. तू त्यांच्या दहनाला आलास आणि उभ्या उभ्या परत गेलास. राग कोणावर ठेवायचा, तो माणूस तरी असायला पाहिजे ना.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझी,
शैलाताई


बुलढाणा
५ ऑक्टोबर २०२५

चि. आल्हाद,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. पोस्टमनला मी दोनदा रस्त्यात अडवलं, तो आता मला पाहून सायकल दुसऱ्या गल्लीत घालतो.

इकडे घरात तोंडं सुजलेली आहेत, आणि ते माझ्यामुळे. सांगते.

दसऱ्याला सासूबाई नेहमीप्रमाणे पूजा मांडतात. पाटावर विळी, यांच्या गाडीची किल्ली, इराचा लॅपटॉप, माझा शाळेतला खडूचा डबा. यंदा मी अंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी कॅमेरा आणून मधोमध ठेवला. घरात नवी वस्तू आली, तिला मान नको का? झेंडूची माळ घातली आणि हळदीकुंकवाचं बोट बुडवून भिंगावर टेकवलं. थेट काचेवर, वर दोन अक्षता.

मी बाहेर आले आणि पाहिलं. आल्हाद, मी जे बोलले ते लिहायची लाज वाटते. शेजारच्या बाया सोनं द्यायला आल्या होत्या, हातात आपट्याची पानं घेऊन दारात उभ्या, आणि मी ऐंशीच्या म्हातारीला "तुम्हाला कळतं का काही, डोळे फुटले का तुमचे" म्हणाले. सणाच्या दिवशी. त्यांनी कुंकवाचा करंडा झाकला, आत नेऊन ठेवला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. जेवायला बोलावलं तर इराला सांगतात, "तुह्या मायले म्हना भूक नाही."

मी भिंग पुसलं. मऊ कापडाने, मग स्पिरिटने, मग पुन्हा कापडाने. तरी काचेत तो धुरकट डाग आहेच. उलट वाढलाय असं मला वाटतं. चुलीचा धूर कोपऱ्यात अडकून बसावा तसा दिसतो. हळद काचेच्या कडेने आत शिरली असणार, दुसरं काय. रंगरावांना फोन करून चांगलं झापलं. डाग असलेला माल गळ्यात मारला म्हटलं. ते म्हणाले, "घेऊन या ताई, पाहून घेतो." अजून गेले नाही. सहामाही परीक्षा आहेत, पेपर आहेत, वेळ कुठला.

हे म्हणतात, "नाचता येईना अंगण वाकडं." मी इराच्या हातात दिला कॅमेरा. तिने आतल्या छोट्या भिंगाला डोळा लावला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मम्मी, क्लिअर तर आहे सगळं." आजकालच्या पोरींना मोबाईलच्या स्क्रीनपुढे काही दिसतच नाही, मी म्हटलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मला तिचं ते पाहणं आवडलं नाही.

सहा-सात फोटो काढलेत. धाडच्या बाजारातला मिरच्यांचा ढीग, शाळेची घंटा, इरा केस विंचरताना. कसे आलेत देव जाणे. काल शाळेच्या व्हरांड्यात एका मुलाच्या अंगावरच गेले. तो म्हणाला, "मॅडम, मी इथंच उभा होतो." पोरं कशी कुठूनही उगवतात.

झोप नीट लागत नाही. उगाच काहीबाही आठवतं. तू चष्मा लावतोस का रे आता? संध्याकाळी गाडी चालवताना त्रास होत नाही ना? सहज विचारलं. काजलला विचारून लिहिलंस तरी चालेल.

भाऊबीजेचं काय ठरवलंस?

तुझी,
ताई


बुलढाणा
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आल्हाद,

हे पत्र गाडीत बसून वाचू नकोस. घरी वाच, काजलला शेजारी बसवून वाच, आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर रागाने ठेवून दिलंस तर माझा लिहून उपयोग नाही.

कॅमेऱ्यात काही दोष नाही. दोष माझ्या डोळ्यात आहे.

मागच्या पत्रात मी तुला कुंकवाचं रामायण ऐकवलं ना? सासूबाईंनी कुंकू लावलं ते खालच्या भिंगाला. खालचा फोटो काढतो, वरचा पाहतो, हे तुला पाच वर्षांचा असताना कळलं होतं. मी काचेत पाहत होते ते वरच्या डोळ्यातून. त्याला कुंकवाचा कणही लागला नव्हता. आणि डाग तर दसऱ्याच्या आधीपासून होता, पहिल्या पत्रात मीच तुला लिहिलंय. मला हे सगळं ठाऊक होतं रे. पुसतानाही ठाऊक होतं. पण कुंकवाने झालं म्हटलं की पुसता येतं, म्हणून मी कुंकू धरून बसले. एका म्हातारीला सगळ्यांसमोर बोलले, ते खरं त्या भीतीने.

पेपरला सुपरव्हिजन होतं. वर्गात मुलं खाली मान घालून लिहीत होती. मी खुर्चीत बसून उजव्या डोळ्यावर हात ठेवला, उगाच, डोकं धरल्यासारखा. तर कोपऱ्यातल्या बाकावरची जयमाला दिसेना. बाक होतं, खिडकी होती, आणि पोरीच्या जागी धूर. हात काढला तर जयमाला होती, पेन चावत बसलेली. पुन्हा हात ठेवला, पुन्हा गेली. मी तसंच करत राहिले. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मी कॉपी नाही करून राह्यली."

कॅमेऱ्याच्या आतल्या छोट्या भिंगाला मी डावा डोळा लावते. एरवी दोन्ही डोळे उघडे असतात, एकाचं उणं दुसरा भरून काढतो, माणसाला कळतच नाही. भिंगाने एकट्या डाव्याला उभं केलं आणि तो उघडा पडला.

यांना सांगितलं. हे पेपर खाली ठेवून दुसऱ्या दिवशी मला अकोल्याला घेऊन गेले. तिथे एका मोठ्या पांढऱ्या भांड्यात तोंड घालून बसवतात. समोर टक लावायची, कडेला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी इतकी घाबरले होते की दिसला नाही तरी अंदाजाने दाबत गेले. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि स्वतःची परीक्षा आली तेव्हा मीच कॉपी केली. तिथली बाई म्हणाली, "मॅडम, ठिपका नव्हता तेव्हाही तुम्ही दाबलं." पुन्हा बसवलं. दुसऱ्यांदा खरं दाबलं.

काचबिंदू आहे. डाव्यात बराच, उजव्यात सुरुवात. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते थेंबांनी टिकवता येतं, रोज, न चुकता, मरेपर्यंत. मोतीबिंदूसारखा हा पांढरा दिसत नाही, दुखतही नाही, कडेकडेने खात येतो. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला होता का?" मी ताबडतोब नाही म्हटलं. आपल्या घरात कोणाला काही नव्हतं.

परतीची एसटी खामगावला थांबली. मी खिडकीत होते. समोर ती रसवंती, जिच्यापाशी तू काजलला घेऊन उभा होतास म्हणालास. फलाटावरून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या ती डाव्या हाताला येते. आणि एकदम मला बाबांचा तांब्या आठवला.

तुला आठवतो का? आई ताटाच्या डाव्या बाजूला तांब्या ठेवायची आणि बाबा बसता बसता तो लवंडायचे. रोज. आई म्हणायची, "येवढा मोठा तांब्या दिसत नाही काय तुमाले?" बाबा म्हणायचे, "तुलेच ठेवता येत नाही." शेवटी आईने तांब्या उजवीकडे ठेवायला सुरुवात केली आणि आपण सगळे विसरून गेलो. सायकल त्यांनी अचानक विकली. गुडघे दुखतात म्हणाले, पण पायी तर गावभर फिरायचे. दाराच्या चौकटीला डावा खांदा नेहमी लागायचा. गावातले लोक म्हणायचे, मास्तर रिटायर झाला अन् माजला, नमस्कार केला तर पाहत नाही. आपण हसायचो. मी तर म्हणायचे, बाबांना ताठा शोभतो.

आल्हाद, मी खात्रीने सांगत नाही. डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले, गेलेल्या माणसाचे डोळे मी कसे तपासू. बाबा हट्टी होते, तुझ्या लग्नाचा त्यांना राग होता, हे मी खोडत नाही. तुला पाहूनही त्यांनी मान फिरवली असेल. पण "मले कोनी भेटलं नाही" असं ते म्हणाले होते, आणि मी त्याला हट्ट म्हटलं. ते खरंच असेल तर? इतकी वर्षं आपण एकच धरून बसलो, दुसरंही असू शकतं हे कोणाच्या मनात आलं नाही. दिसत नाही हे सांगायची बाबांना लाज वाटली असेल. ती मला कळते, कारण तीन आठवडे मीही तेच केलं.

आता तुझं. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांना सगळ्यात आधी तपासा. फोन तीनदा केला, तू उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, माझ्यावर रुसलास तरी चालेल. पण येत्या दोन-चार दिवसांत जा आणि डोळ्यांच्या कडा तपासून घे. नुसता चष्म्याचा नंबर नाही, कडा. "मला सगळं दिसतं" म्हणू नकोस, मलाही सगळं दिसत होतं. गाडी बंद पडेल, धंद्याचं काय होईल, ही भीती तुला वाटेल, मला माहीत आहे. पण तुझ्या शाळेच्या व्हॅनमध्ये लोकांची लेकरं बसतात. कडेने एखादं पोर पळत आलं तर? मी रात्रंदिवस तेच पाहते. काजल, तू हे वाचत असशील तर याला ओढून ने. तुझं माझं फारसं बोलणं नाही, पण हे माझ्यासाठी कर.

सासूबाईंचे पाय धरले. म्हटलं, आई, चुकलं माझं. त्या बराच वेळ गुडघे चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले वाटलं, दोन डोये हायेत, एकालेच लावलं, दुसरा रुसला असंन." आणि उठून करंडा घेऊन आल्या. माझ्या कपाळाला लावलं. डोळ्यात थेंब घालायचं काम आता त्यांनी स्वतःकडे घेतलंय. हात थरथरतो, निम्मे थेंब गालावर जातात, पण मी मुकाट्याने मान वर करते. नंतर इरा हळूच पुन्हा घालते.

रोल अजून कॅमेऱ्यातच आहे. अकरा काढून झाले, बारावा तुमचा. उजव्या डोळ्याने काढीन, तो अजून बराच शाबूत आहे. डाव्या डोळ्याने पाहायची सवय मोडतेय, शिकेन पुन्हा.

भाऊबीजेला मी खामगावच्या स्टँडवर रसवंतीपाशी उभी असेन, कॅमेरा घेऊन. दुपारपासून. तू येणार नसलास तरी असेन.

एक विचारू? त्या दिवशी तू बाबांना हाक मारली होतीस का रे? की तू उभा राहिलास आणि त्यांनी पाहावं म्हणून थांबलास? राग मानू नकोस. मीही तेच केलं असतं.

मला अजून थोडंफार बाजूचं दिसतं. पण यापुढे आपल्या घरात कोणी कोणाच्या बाजूला मुकाट उभं राहायचं नाही. समोर ये, आणि हाक मार.

वाट पाहणारी,
ताई